रुबाबाची पानं

आमच्या मावसाजींच्या बागेतून आजवर एक पानसुद्धा वाया गेलेलं नाही, आणि ते आहेत तोवर जाणारही नाही. रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं तीर्थयात्रेला जातात. मावसाजींनी पुरानी बस्तीतल्या घरामागची परसबाग धरली. चहाचा चोथा गुलाबाला, तांदळाचं धुवण मिरचीला, मोडक्या छत्रीचं कापड टमाट्यांच्या डोक्यावर. मी नोकरीसाठी रायपूरला येऊन त्यांच्याकडे राहू लागले, तेव्हा विंचरताना गळलेले केस मी कचऱ्यात टाकलेले पाहून ते अगदी कळवळले. "अवं पोट्टे, काकडीच्या आळ्यात टाकत जा न. खत होते त्याचं!" त्या दिवसापासून मी त्यांच्या घरची काकडीची कोशिंबीर खाल्ली नाही. मावशी मात्र खायची. "लग्न केलं तेव्हाच सगळं गोड मानायचं ठरवलं होतं मी," असं म्हणून खायची.

अशा माणसाची परीक्षा पाहायला रुबार्ब आला. त्यांची एकुलती एक लेक परदेशात, थंड मुलखात नोकरीला आहे. मागे आली होती तेव्हा तिने बापासाठी या परदेशी भाजीच्या बियांची पुडी आणली. पुडीवर लालबुंद दांड्यांचं चित्र होतं. मावसाजींनी दिवाळीनंतर त्या बिया अळूच्या वाफ्याला लागूनच पेरल्या आणि ऊन चढलं की तान्ह्या बाळावर धरावी तशी त्यांच्यावर सावली धरली. "रुबार्ब" काही त्यांच्या जिभेवर बसेना. ते "रुबाब" म्हणू लागले, मग सगळा पाराच, म्हणजे मोहल्ला, म्हणू लागला. रायपूरच्या हवेत रुबाबाचे दांडे करंगळीएवढे झाले आणि पानं मात्र सुपाएवढी. आणि नेमकं तेव्हा लेकीने फोनवर सांगितलं, की खायचा तो फक्त दांडा, पान विषारी असतं.

एवढी मोठी पानं, आणि खायची नाहीत! मावशी म्हणाली, "फेकून द्या." मावसाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांनाच फेकायला सांगितलं होतं. मग पानं उकळून त्यांनी गुलाबावरच्या माव्यासाठी फवारा केला. मावशीने ते पातेलं कायमचं बागेला देऊन टाकलं. पानं चोळून अंगणातल्या नळाची पितळी तोटी सोन्यासारखी उजळवली. उरलेली खताच्या खड्ड्यात घातली. "विष बी कामाचं असते," ते मला म्हणाले, "त्याले काम सांगता आलं पायजे."

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर मावसाजी हातात खुरपं घेऊन वाफ्यापाशी खांबासारखे उभे. रुबाबाचे दांडे उघडेबोडके.

"पानं कोनं नेली?"

"शेजारच्या भाभी आल्या होत्या न दुपारी," मावशी आतून म्हणाली. "तुम्ही झोपून होते. कोचईचे पत्ते नेतो म्हणे, इडहरले. म्हटलं न्या."

कोचई म्हणजे आपला अळू, आणि इडहर म्हणजे अळुवडीची दह्याच्या रश्शात पोहणारी छत्तीसगढी बहीण. भाभी नेहमीच आमच्याकडून पानं न्यायच्या. या खेपेला त्यांनी शेजारचा वाफा खुडला होता.

मावसाजी बनियनवर, अनवाणी धावले. गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी न चढणारा माणूस भाभींच्या ओट्यावर एका ढांगेत चढला. मी मागोमाग. आत ताटं मांडलेली, भाभींचे यजमान मांडी घालून बसलेले, शेगडीवर कढई खदखदत होती. मावसाजींनी खुरपं टाकलं, दोन्ही हातांनी कढई उचलली आणि सरळ बाहेर चालू लागले.

"अरे भैया! हमारी कढ़ाई!" भाभी ओरडत मागे धावल्या.

गल्ली गोळा झाली. मावसाजींनी कढई ओट्यावर टेकवली. तळवे लालभडक झाले होते, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. "किसी ने खाया? भाभी, सच बोलो, किसी ने चखा भी?"

"नहीं भैया, अभी परोसा कहाँ है?"

ते ऐकलं आणि मावसाजी पायरीवर मटकन खालीच बसले. मी भाभींना पानांचं सांगितलं. आत्तापर्यंत तणतणणाऱ्या भाभींनी तोंडावर हात घेतला. "हाय राम, मैं तो नवा किसम के कोचई समझेंव!" मग आत जाऊन त्यांनी गार पाण्याची बादली आणली आणि मावसाजींचे हात स्वतः धरून त्यात बुडवले. त्या रात्रीचं पिठलं मावशीने दोन घरांचं केलं.

दुसऱ्या दिवशी मावसाजींनी माझ्याकडून रुबाबाचा सगळा वाफा उपटवून घेतला. त्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. दांडे तेवढे ठेवायला सांगितले. मी ते गूळ घालून शिजवले आणि चमच्याने त्यांना भरवले. त्यांनी डोळे मिटून सावकाश चव घेतली आणि लेकीला फोन लावायला सांगितलं.

"खाल्लं बरं, बाई! आंबट हाये, पन चांगलं हाये. तू हेच खात असशील न तिकडं?"

"मी कुठे खाते, बाबा? मला नाही आवडत ते. पुडीवरचं चित्र छान दिसलं, म्हणून आणली तुमच्यासाठी."

"मंग काय खाते तू?"

"वरणभात, बाबा. रोज वरणभातच."

फोन ठेवल्यावर मावसाजी उठले, दोन घरांमधल्या भिंतीपाशी गेले आणि पट्ट्या बांधलेले हात भिंतीवर टेकून त्यांनी पलीकडे हाक मारली.

"भाभी, सुनो तो. हमारी बेटी वहाँ रोज वरणभात खाती है."

"हव भैया," पलीकडून भाभी हळूच म्हणाल्या. "अच्छा करथे, बने करथे."