नायलॉनच्या दोराची चमक

अण्णा, माझे वडील, कुंभकोणमला रेशमाचे व्यापारी. माझ्या धाकट्या भावानं नागपट्टणमच्या बंदरातून जहाज धक्क्याला बांधायचा टाकाऊ दोर आणला, कुंपणासाठी. नायलॉन आम्ही तेव्हा पहिल्यांदाच पाहत होतो. अण्णांनी बोटं फिरवून, रेशीम पारखावं तसा, काचेसारखा चकाकणारा तुकडा निवडून कापून घेतला आणि पडलेला माड ओढायला त्या दोरानं बैलांना जोडला.

दोर ताणला गेला, पण काथ्यासारखा करकरला नाही. एकदम तुटला आणि उलटा येऊन खोडाशी उभ्या अण्णांच्या दंडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला.

"चकाकतो तिथं दोर घासून वितळलेला असतो," भाऊ म्हणाला.

"मेल्या, मग आधी सांगितलं का नाहीस?" मी किंचाळले.

"सांगत होतो. तूच म्हणालीस, अण्णांना सूत कळतं, तू गप बस."