काचवाल्या अण्णांविरुद्धचं पत्रक

तुमच्या घरात काही तडकलं, गळायला लागलं, तर तुम्ही आधी काय शोधता? फडकं की गुन्हेगार?

मी गुन्हेगार शोधायची. माझे वडील, अप्पा, कारखान्यातल्या कामगार संघटनेचे चिटणीस होते. चामराजपेटेतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत संघटनेचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं आणि त्याच्या शाईचा वास आमच्या कपड्यांनाही येई. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. कानडी पत्रकं संघटनेची, मराठी आमच्या इथल्या मराठी माणसांच्या मंडळाची. उरलेली पत्रकं आम्ही कधी टाकत नसू. फडताळात तीच अंथरलेली, डब्यांखाली तीच, डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घडी करून तीच.

मी पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होते तेव्हा आईनं माशांची टाकी घ्यायची ठरवली. गल्लीच्या तोंडाशी काचेचं दुकान होतं. तिथले अण्णा देवांच्या तसबिरी मढवत, लांबीच्या लगद्यानं खिडक्यांच्या काचा बसवत. त्यांचा गुडघा गेला होता. शिडीवर चढताना ते दर पायरीला थांबत. टाक्या बनवायला ते नुकतेच शिकले होते आणि पहिली टाकी त्यांनी आमच्यासाठी केली. "या चालल्या की शिडी विकून टाकणार," असं ते आईला म्हणाले होते. आमची टाकी बघून ओळखीच्या तीन मराठी घरांनी त्यांना टाक्या सांगितल्या. त्यातलं एक घर आमच्याच वर राहणाऱ्या मावशींचं.

टाकी आणली तेव्हा अण्णांनी सोबत थर्माकोलचा तुकडा दिला होता. "खाली हे घालायचं, पुट्टी. विसरायचं नाही." पुट्टी म्हणजे छोटी. मी सोळा वर्षांची, पण त्यांच्यासाठी पुट्टीच.

नेमकं त्याच महिन्यात मी थर्माकोलविरुद्धचं एक पत्रक वाचलं होतं. ते मातीत मिसळत नाही, आपल्या पुढच्या पिढ्या त्यातच गाडल्या जातील, वगैरे. असली वस्तू आमच्या घरात येणार? मी तो तुकडा अडगळीत टाकला आणि टाकीखाली जुनी पत्रकं दुहेरी घड्या घालून अंथरली. आईनं विचारलं, "चालेल का गं?" मी म्हटलं, "कागद झाडापासून होतो." यात उत्तर कुठे होतं, हे तिनं विचारलं नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी टेबलावरचं कापड ओलं दिसलं. टाकीच्या बाजूच्या काचेला, अगदी खालच्या कोपऱ्यात, नखाएवढा तडा. त्यातून थेंब फुगायचा, सुटायचा, पुन्हा फुगायचा. आईनं मासे बादलीत घेतले आणि तांब्यानं पाणी उपसायला लागली. अप्पा म्हणाले, "जा, काचवाल्यांना निरोप दे."

निरोप दिला, पण तोंडात निरोप आणि डोक्यात निषेध. परत येऊन मी स्टेन्सिल कापलं. वर तडकलेल्या टाकीचं चित्र. खाली: 'ग्राहकहो, सावधान! हलक्या दर्जाची लांबी वापरून भोळ्या गृहिणींच्या डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या नफेखोर वृत्तीचा जाहीर निषेध!' आणखी पाच ओळी होत्या, सगळ्या उद्गारचिन्हांच्या. चाळीस प्रती काढल्या. एक तेवढ्यातच वरच्या मावशींना दिली. बाकीच्या संध्याकाळी मंडळात वाटायच्या म्हणून टेबलावर ठेवल्या.

दुपारी अण्णा आले. चप्पल काढता काढता त्यांची नजर त्या गठ्ठ्यावर गेली. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण चित्र कळलं. चेहरा असा खुलला की मला आजही तो आठवला की मान खाली घालावीशी वाटते.

"अय्यो, माझी टाकी! जाहिरात काढलीत सार?" ते अप्पांना म्हणाले. "मला सांगायचं तरी. काय लिहिलंय पुट्टी? वाच की."

अप्पांनी तोवर ते पाहिलंच नव्हतं. त्यांनी एक प्रत उचलली, वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. ते म्हणाले, "वाच. तूच लिहिलंयस ना?"

मी वाचायला लागले. एकेक ओळ मराठीत बघायची आणि कानडीत सांगायची. माझी कानडी दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी बोलायची. तिच्यात 'जाहीर निषेध' नव्हता, 'नफेखोर वृत्ती' नव्हती. कागदावर गरजणारं वाक्य माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच: "अण्णा, तुम्ही आम्हाला फसवलंत." ते माझ्यासमोर उभे होते, एका हाताने गुडघा धरून.

मी थांबले.

"हं. पुढे?" ते म्हणाले.

"एवढंच आहे."

"खोटं. खाली पाच ओळी आहेत अजून. डोळे आहेत मला."

मी त्या पाचही ओळी सांगितल्या. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "सरी, ठीक आहे. एक चूक आहे. लांबी खिडकीला लावतात. टाकीला सिलिकॉन. ते दुरुस्त कर." मग टाकीकडे वळले. "सार, तिकडून धरा. स्वल्प उचलू या."

टाकी उचलली. खाली पत्रकांचा थर ओलसर होऊन फुगला होता. घड्या होत्या तिथे उंच, कोपऱ्यांत काहीच नाही. ज्या कोपऱ्याला तडा गेला होता तो अधांतरी होता. सगळ्यात वरच्या कागदावर अप्पांच्या अक्षरात शीर्षक होतं: 'एकजुटीचा पाया मजबूत करा'.

आधी आई हसली. "पाया केला की मजबूत पोरीनं!"

"थर्माकोल कुठाय?" अण्णांनी मला विचारलं. रागावलेले नव्हते. डॉक्टर विचारतात तसं विचारलं.

मी अडगळीतून तो तुकडा आणून दिला. मातीत न मिसळण्याबद्दल माझ्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

त्यांनी काच पुसून कोरडी केली. तडा जिथे संपत होता तिथे पेन्सिलीनं खूण केली, म्हणजे तो पुढे सरकला तर कळेल. मग काचेची बोटभर रुंदीची पट्टी कापली, तिच्या कडा दगडावर घासल्या, सिलिकॉन लावलं आणि आतून तड्यावर बसवली. "अंगठा ठेव इथे. दाबू नकोस, नुसता ठेव." मी अंगठा ठेवून उभी असताना त्यांनी विचारलं, "कुणाकुणाला दिलंस ते?"

"वरच्या मावशींना एक."

"हं. त्यांच्या काचा कापून ठेवल्यात मी." एवढंच बोलले आणि सिलिकॉनची नळी पुसायला लागले.

पट्टी चिकटल्यावर मी वर गेले. मावशी पत्रक हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. "बरं झालं बाई सांगितलंस. आत्ताच निरोप धाडणार होते, टाकी नको म्हणून."

"धाडू नका मावशी. टाकी चांगली आहे. मीच खाली भलतंच घातलं होतं."

"म्हणजे हे सगळं खोटं?"

"हो."

"मग आता स्वतःविरुद्ध कधी काढतेस?" असं म्हणून त्यांनी पत्रक माझ्या हातात दिलं.

काढलं नाही. उरलेल्या दोन घरी जाऊन तोंडानंच सांगितलं. तिथे पत्रक पोचलं नव्हतं, पण टाकी तडकल्याची बातमी पोचली होती. मला स्टेन्सिल कापायला अर्धा तास लागला होता. त्या दोन दारांशी उभं राहायला त्याहून जास्त वेळ लागला. तिन्ही टाक्या झाल्या. आमच्या टाकीतला तडा पेन्सिलीच्या खुणेशीच थांबला आणि चौथ्या दिवशी मासे बादलीतून परत आले. वर्षभरात अण्णांनी शिडी खरंच विकली.

त्या दुपारी ते माझ्या हातातला कागद फाडू शकले असते. अप्पांना म्हणू शकले असते, मुलीला आवरा. बादलीतल्या माशांसकट आम्हाला तसंच सोडून जाऊ शकले असते. त्याऐवजी त्यांनी मला शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतलं आणि मग माझा अंगठा कामाला लावला. मी तेव्हा त्यांचे आभार मानले नाहीत. लाज वाटत होती. अप्पांचेही नाही, ज्यांनी मला त्या क्षणी सोडवलं नाही. दोघांचेही इथे मानते.

पत्रकं मी आजही लिहिते आणि मऊ लिहीत नाही. या शहरात ज्यांना जाब विचारायलाच हवा असे लोक कमी नाहीत. फक्त तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्याकडे आज कुणाविरुद्ध लिहून ठेवलेलं काही असेल, पत्र, तक्रार, पत्रक, काहीही, तर ते कुणालाही देण्याआधी त्या माणसाच्या दारात जा. तो मालक असो नाहीतर कारागीर, त्याला कळेल अशा भाषेत, त्याच्याकडे बघत, ते सगळं वाचून दाखवा. मधल्या ओळी गाळू नका. त्यानंतरही ते खरं वाटलं, तर खुशाल वाटा.