मधू भाऊजी आणि मालाचं वर्णन

शालिनीचा फोन आला तेव्हा मी धने निवडत होते. शालिनी म्हणजे माझी धाकटी जाऊ, डभोईहून बोलत होती. "वहिनी, हे गेले," एवढंच म्हणाली. मधू भाऊजींना जाऊन आता दीड महिना झाला. दिवस झाले, पाहुणे परतले. आता रडूही येत नाही, नुसतं थकल्यासारखं वाटतं. भाऊजींना एक गोष्ट सांगायची होती, ती राहिली. बोलायला मी पहिल्यापासून मागे. म्हणून लिहून ठेवते आहे.

भाऊजी माझे धाकटे दीर. आमच्या बडोद्यातच एका वकिलांच्या कचेरीत कारकून होते. दुकानांची, कारखान्यांची नावं सरकारदरबारी नोंदवायचं काम तिथे चाले. आमच्या सासूबाई, मथुराबाई, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या घरात काळा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून विकायच्या. त्यांच्यामागे ते माझ्याकडे आलं. नंदेसरीचा कारखाना बंद पडून आमचे हे घरी बसले, तेव्हापासून घर त्यावरच चालायला लागलं, आणि त्यातही मसाल्यावर. मेतकूट कोणी महिन्यातून एकदा नेई, मसाला मात्र वर्षाचा भरत. तेव्हा दुकानात रोज नवीन रंगीत पाकिटं यायला लागली होती. एका रविवारी भाऊजी म्हणाले, "वहिनी, आईचं नाव उद्या दुसराच कोणी पाकिटावर छापेल, आणि वर आपल्यालाच चोर म्हणेल. अर्ज करून टाकू."

अर्जात एक रकाना असतो, मालाचं वर्णन. या नावाखाली तुम्ही काय काय विकता, ते तिथे लिहायचं. वकील त्यात सगळंच घालायला सांगत. मसाले ज्या गटात येतात त्याच गटात चहा, कॉफी, बिस्किटं, बर्फसुद्धा. लिहून ठेवायचं, पुढे कामाला येतं, असं त्यांचं म्हणणं. भाऊजींची रीत वेगळी होती. लोणचंवाला आला तर ते लोणचं बघायला जात, खडूवाला आला तर खडूच्या कारखान्यात. हाताने होताना पाहिलं नाही, ते लिहीत नसत. कचेरीत त्यांना हसत. माझ्या वेळी तर ते दोन दिवस स्वयंपाकघरात पाटावर बसून होते. मी मेतकुटाच्या डाळी भाजतेय आणि हे वहीत लिहितायत. "आता काय घातलंत?" "सुंठ." "किती?" "अहो भाऊजी, किती काय, चिमूटभर!" "चिमूट कोणाची, तुमची की दादाची? दादाची चिमूट म्हणजे मूठ." मला हसू आवरेना. हे बाहेरून ओरडले, "माझी चिमूट निदान तुझ्या पगाराएवढी तरी आहे!" घरात कितीतरी दिवसांनी असं हसणं झालं होतं.

त्या खरेपणानेच घात केला. मेतकुटात हळद, हिंग, मोहरी पडताना भाऊजींनी पाहिली होती, म्हणून त्यांनी इंग्रजीत लिहिलं, भाजलेल्या डाळींचं पीठ, मसाले घालून. दीड-दोन वर्षांनी अहमदाबादच्या सरकारी कचेरीतून कागद आला. सौराष्ट्रातल्या एका व्यापाऱ्याने 'मथुरा' हे नाव मसाल्यांसाठी आधीच नोंदवलेलं होतं. तेव्हा तुमचा मसाला चालणार नाही, आणि मेतकुटातही मसाला आहे असं तुम्हीच म्हणता, तेव्हा तेही नाही. राहिली एकटी भाजणी. सुटायला वाट एकच होती. व्यापाऱ्याच्या आधीपासून आम्ही हे नाव वापरतो, हे दाखवायचं. पण सासूबाई बिलं कुठून देणार? बायका डबा घेऊन यायच्या, भरून न्यायच्या. वकील भाऊजींना म्हणाले, "जूनां बिल बनावी नाखो ने, मधुभाई. कोण जोवानुं छे?" जुनी बिलं तयार करून टाका, कोण बघणार आहे! भाऊजींनी नकार दिला, "ना साहेब, ए नहीं थाय." हे त्यांनीच घरी येऊन सांगितलं, माझ्यासमोर. मी चहा गाळत होते.

अर्ज माझ्या नावावर, म्हणून सुनावणीला मला जावं लागलं. सोबत भाऊजी. पिशवीत मेतकुटाची आणि मसाल्याची पुडी. साहेब वयस्कर होते, गुजराती. वाईट बोलले नाहीत. भाऊजी आणि ते एकेका शब्दावर अडून बसले. साहेब म्हणाले, मसाले हा शब्द काढा. भाऊजी म्हणाले, काढतो, पण मेतकूट राहू द्या. साहेब म्हणाले, राहू कसं देऊ, ते आहे काय ते तर कळू दे. डाळींचं पीठ लिहा, भातावर घ्यायची पूड लिहा, असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी साहेब माझ्याकडे वळले. "बेन, तमे कहो. आ मसालो छे के लोट?" मसाला की पीठ. भाऊजी खाली बघत होते. त्यांना ठाऊक होतं, मी काय काय घालते ते. मी म्हटलं, "लोट छे, साहेब." "शेनी साथे खाओ?" "भात ने घी साथे." साहेब हसले. त्यांनी वर्णनातले 'मसाले घालून' हे शब्द खोडले आणि मेतकूट वाचलं.

मग काळा मसाला आला. त्याला पीठ कोण म्हणणार? साहेब म्हणाले, पुरावा असेल तर मुदत देतो, नसेल तर आत्ता वगळा, बाकीचं मी पुढे पाठवतो. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, काय करू?" मला म्हणायचं होतं, मुदत घ्या. बिलं करा. घर त्याच्यावर चाललंय, तुम्हाला दिसत नाही का? पण परक्या माणसासमोर तोंडच उघडेना. मी मान हलवली. त्यांनी सही करायला कागद पुढे सरकवला, मी केली.

परतताना गाडीत भाऊजी म्हणाले, "वहिनी, हळद-हिंग कुठे हो गेलं?" मला हसवायला बघत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

नाव मिळालं, भाजणीला आणि मेतकुटाला. मसाला मात्र कोऱ्या पिशवीत जायला लागला. जुन्या बायका नेत राहिल्या, पण त्यांच्या सुना दुकानातून नावाचं पाकीट आणू लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं? बिननावाचं कोण घेणार... मी राबत राहिले, दोन घरी पोळ्या लाटायला जाऊ लागले. भाऊजींवर रागावलेय असं कधी म्हटलं नाही. येत, तेव्हा चहा देई, जेवायला वाढी. पण भाजायला बसले की त्यांना आत बोलावणं मी सोडलं. त्यांनाही ते कळलं. ते बाहेरच ह्यांच्यापाशी बसत. असं किती वर्षं चाललं, कोण जाणे.

गेल्या दिवाळीत ते डभोईहून मुद्दाम आले. निवृत्त होऊन तिकडे राहायला गेले होते, दम लागत होता. म्हणाले, "वहिनी, त्या व्यापाऱ्याने नाव पुढे चालू ठेवलं नाही. मुदत संपली, नोंद गेली. आता मसाल्याचा अर्ज करता येईल." तेव्हा समजलं, निवृत्तीनंतरही ते वकिलांच्या कचेरीत जाऊन नावांच्या नोंदींचं सरकारी जर्नल चाळत होते, त्या एका नावासाठी. एवढं ऐकून माणसाला आनंद व्हावा. मी इतकी दमलेली होते की म्हटलं, "आता राहू द्या, भाऊजी. माझे हात दुखतात." ते म्हणाले, "बरं." चहा पिऊन पाचच्या बसने गेले. सांगायचं होतं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. सुनावणीत तुम्ही मला विचारलंत. त्या खोलीत मला विचारणारे तुम्ही एकटे होतात. मान मी हलवली होती, तुम्ही नाही.

परवा शालिनी आली. पिशवीतून एक कागद काढून म्हणाली, "वहिनी, तुमच्या नावाचा दिसतो. ह्यांच्या उशाशी होता." नवा अर्ज. इंग्रजी मला येत नाही, माझ्या सुनेने वाचून दाखवला. माझं नाव, घडियाळी पोळाचा पत्ता, सासूबाईंचं नाव, सगळं भरलेलं. फक्त मालाच्या वर्णनाचा रकाना कोरा. त्यात पेन्सिलीने मराठीत लिहिलेलं, "वहिनींना विचारून." माझा मसाला त्यांना पाठ होता. धने किती, खोबरं किती, दगडफूल कधी घालायचं, सगळं त्यांच्या वहीत आहे. डोळे मिटून लिहिलं असतं तरी चाललं असतं.

सून म्हणाली, "सगळ्या प्रकारचे मसाले, असं टाकूया ना आई? सेफ राहील."

मी तिच्या हातून पेन्सिल घेतली. माझं अक्षर चौथीतलंच राहिलंय, सावकाश लिहावं लागतं. लिहिलं, काळा मसाला. मग सुनेला म्हटलं, "इंग्रजीत तू कर. पण आज नको. मंगळवारी भाजायला बसणार आहे, तेव्हा वही घेऊन आत ये."

"मला माहितीये की ओ मसाला!"

"माहितीये, पण होताना बघितलेला नाहीस."