छपराची रेष

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, गाड्यांची चित्रं काढतात. कागदावर चाकं घमेल्याएवढी, काचा काळ्याकुट्ट आणि आत माणूस नाहीच. "गाडी आधी डोळ्यांसमोर यावी लागते," असं ते डोळे मिटून सांगतात. मी त्याच कारखान्यात गाडीचं मातीचं मॉडेल करतो, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर आलेली गाडी शेवटी माझ्याच बोकांडी बसते.

या खेपेला तापवून मऊ केलेली माती त्यांच्या चित्राबरहुकूम थापली, पात्याने तासली. छप्पर फारच खाली आलं. मी म्हटलं, "भावजी, दोन बोटं वर घेऊ या. आत माणसं बसायची आहेत."

"रेष मरेल," ते म्हणाले.

माणसाची मान मोडली तरी चालेल, रेष जगली पाहिजे! मातीचं मॉडेल आतून भरीव, त्यात बसून कोण बघणार? साहेबांनीही वा वा केलं.

मग खऱ्या मापाचा लाकडी सांगाडा झाला, आत बसून बघायचा. भावजींच्या आधीच्या गाड्या इथेच आडव्या झाल्या होत्या. "ही गेली तर तुम्हीही घरी," असं साहेबांनी बजावलं होतं. शहाण्या माणसाने छप्पर उचललं असतं. भावजींनी आराखड्यात मापासाठी बसवलेल्या माणसाच्या आकृतीची मान छाटली, आणि सांगाड्यात बसायला आणलं कुणाला, तर ताईला. घरात सगळ्यांत बुटकी तीच. एरवी तिला कधी कारखान्याचं फाटकही दाखवलं नव्हतं. "साहेबांनी विचारलं की मस्त म्हणायचं," एवढं पढवून ठेवलं. मला त्या माणसाची किळस आली.

ताई मागच्या सीटवर बसली. केस छपराला टेकले, मान वाकली. साहेबांनी वाकून विचारलं, "कसं वाटतंय, वहिनी?"

भावजी रुमाल चुरगळत उभे होते.

"बसता येतं," ताई म्हणाली. "मला सवय आहे."

साहेब सरळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "छप्पर उचला." आणि भावजींना, "पुढची चित्रं दुसरं कुणीतरी काढेल."

फाटकाबाहेर आल्यावर भावजी ताईवर उखडले. "घालवलीस नोकरी. दोन मिनिटं गप्प बसता आलं नाही तुला?"

ताई मान चोळत होती. "लग्न झाल्यापासून गप्पच बसले होते," ती म्हणाली. "आज मान दुखली."