चौकट तासली तेव्हा
लातूरच्या वखारीत सागाचा ताजा भुसा पडलेला असला, की त्याच्या वासानं मला निलंग्याची एक सकाळ आठवते. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि सासरच्या नव्या घराची चौकट बसायची होती. पूजेचं सगळं सामान मी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. ऐन मुहूर्तावर चौकट दगडी उंबऱ्यावर बसेना. सुतारचाचा म्हणाले, "दगड तासा." पाथरवट म्हणाला, "लाकूड तासा की, चाचा!" तेवढ्यात आत्येसासूबाई सगळ्यांदेखत बोलल्या, "नवी सून आली अन् चौकट अडली. पायगुण हाय हा." हा ठपका आता मला जन्मभर चिकटणार, असं वाटलं. सासरे शाळेत मराठी शिकवायचे. ते शांतपणे म्हणाले, "अक्का, तासणं हा शब्द संस्कृतातल्या 'तक्ष्' धातूपासून आला. नको तेवढं काढून आकार द्यायचा. सुताराला पूर्वी तक्षकच म्हणायचे. लाकूड असो का दगड, तासल्याबिगर घर होत न्हाई. त्यात पोरीचा काय पायगुण?" "धडा संपला असंल तर तासू का, मास्तर?" चाचांनी विचारलं, तशा आत्येसासूबाईसुद्धा हसल्या. चाचांनी लाकूड तासलं, चौकट बसली. "बाई, चौकटीला पहिलं कुंकू तू लाव," सासरे मला म्हणाले. खरं तर तो मान आत्येसासूबाईंचा होता. माझा पायगुण त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. सासरे आता नाहीत, पण आमच्याकडं नवी सून आली, की चौकटीला पहिलं कुंकू मी तिच्याच हातानं लावून घेते.