एक दिवसाआड

कशाचीही सवय लागू न देता जगलेला माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. युसूफ वडगावला कापसाचं शेत. गावात चहाची चार हॉटेलं, पण सलग दोन दिवस एका ठिकाणी बसतील तर शपथ! "हॉटेलवाल्याला आपली सवय झाली की तो पावडर कमी टाकतो," म्हणायचे. अक्कांच्या वांग्याच्या भाजीवर बोटं चाटायचे, पण एकदा चांगली म्हटलं की पुढचे पंधरा दिवस तोंडाला कुलूप. का? तर स्तुती अंगवळणी पडली की मीठ चुकतं. कापसावर दर खेपेला वेगळं औषध फवारायचे. "एकच मारलं तर अळी सरावती, साडूभाऊ. मंग ती औषध चहावानी पिती." हे मात्र खरं असावं, कारण त्यांचा कापूस बघून सगळी भावकी जळायची.

अशा माणसाला रक्ताचा कर्करोग झाला. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी दिली, न चुकता घ्यायची. आणि काय सांगू, गोळीनं जादूच केली! काही महिन्यांत रिपोर्ट सुधारले आणि साडू पेढे घेऊन मोटारसायकलवर थेट माजलगावला माझ्या दारात हजर. मी रडलो, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांनी रिपोर्ट बिघडले. अक्कांसोबत मीही गेलतो. "काका, गोळी चुकत तर नाही ना?" बाईंनी विचारलं. हे छाती फुगवून म्हणतात, "चुकंल कशी? ठरवून एक दिवसाआड घेतो. रोज घेतली तर आजार सरावंल की!"

अक्का कपाळावर हात मारून मटकन खाली बसल्या. मला तर साडूंची गचांडी धरावीशी वाटली. बाई शांतपणे म्हणाल्या, "औषध कमी पडलं की चिवट पेशी मरत नाहीत, काका. त्या मागं उरतात, आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते." साडूंचा चेहरा उतरला. "म्हंजी म्या पातळ फवारा मारला," ते हळूच म्हणाले. रोज गोळी घेऊनही काहींना असं होतं, हेही बाईंनी सांगितलं, पण ते त्यांच्या कानात शिरलंच नाही.

दुसरी गोळी सुरू झाली आणि हा माणूस घड्याळाचा गुलाम झाला. रोज सकाळी आठला माझा फोन वाजायचा. "साडूभाऊ, ऐका," आणि पाण्याचा घोट गटकन उतरल्याचा आवाज. "गेली. ठिवू?" मी वैतागायचो, "अहो, अक्का आहेत की साक्षीला!" "ती माया करती. तुमी कडक हाय," म्हणायचे. एक दिवस खाडा नाही.

तरी दीड वर्षानं आजारानं त्या गोळीलाही दाद देणं सोडलं. पुन्हा तपासण्या झाल्या. आता लागू पडेल असं औषध उरलं नव्हतं, आणि बाईंनी गोळी बंद केली.

दुसऱ्या दिवशी आठला फोन वाजला. उचलला.

"आज घ्यायला काय न्हाई," साडू म्हणाले. "नुसताच केला. कामात हाय का?"

"नाही हो. बोला."

तासभर बोललो आम्ही. पुष्कळ हसलोही. साडू जाऊन आता दोन वर्षं झाली, आणि त्या तासात आम्ही काय बोललो ते मला काही केल्या आठवत नाही. लई जीव तुटतो. विचारायचं तर त्यांनाच विचारावं लागेल.