आवाजाचे बाण

‘सिस्टिम्स थिंकिंग’च्या प्रशिक्षणाला आम्हा शिक्षकांना धाडलं, ते नेमकं शनिवारी. अर्धी सुट्टी बुडाली म्हणून सगळेच तोंडं पाडून बसलेले. शिकवायला पुण्याच्या मॅडम होत्या. म्हणाल्या, “तुमच्या शाळेतली एक कटकट घ्या. दोष कुणाचा ते शोधू नका. कशामुळे काय होतं, तेवढे बाण काढा.”

माझी कटकट माझ्या शेजारीच बसली होती : आमच्या शाळेतले गणिताचे सर. आमच्या दोन वर्गांमध्ये नुसती प्लायवूडची भिंत.

“तुम्ही ओरडता म्हणून मला ओरडावं लागतं,” मी म्हटलं.

“मी तर तुमच्यामुळंच ओरडतोय की!” सर इतक्या जोरात म्हणाले, की मॅडम दचकल्या.

बाण काढले. माझ्याकडून सरांकडे, सरांकडून माझ्याकडे. गोल पुरा झाला आणि सुरुवात कुणाची, ते काही सापडेना.

सोमवारी तोच गोल सातवीच्या फळ्यावर काढून मी विचारलं, “हा तोडायचा कुठं?”

“सरांची बदली करा!” पहिली सूचना आली. मला मनातून ती पटलीही. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, तुम्हीच हळू बोलून बघा की.”

मग मी कुजबुजत आरसा आणि प्रकाशकिरण शिकवायला लागले. ऐकू यावं म्हणून पोरं पुढं वाकली. पलीकडे सरांचा आवाज हळूहळू उतरला. थोड्या वेळानं सगळ्या मजल्यावर अशी शांतता पसरली, की हेडसर धावत आले.

“काय झालंय? कोण पडलंबिडलं काय?”

त्या मुलीनं उठून फळ्यावर ‘शांतता’ लिहिलं, तिथून बाण काढला आणि टोकाला लिहिलं, ‘हेडसर’. हेडसरांनी चष्मा वर करून ते वाचलं. आमचं हसू प्लायवूडपलीकडंही पोचलं आणि उरलेला तास दोन्ही वर्गांत हसण्यातच गेला.

आठवड्याभरानं तिचे वडील शाळेत आले. शिरोलीला फाउंड्रीत काम करणारे, यंत्रांच्या धडधडाटात मोठ्यानंच बोलायची सवय लागलेले.

“बाई, पोरीला काय शिकवलंय? घरात मी आवाज चढवला की ही फरशीवर बाण काढतीया. माझ्याकडनं तिच्या आईकडं, आईकडनं माझ्याकडं.”

“मग? बंद करायला सांगू?”

“न्हाई, न्हाई. हसू येतंय, भांडण तिथंच थांबतंय.” ते जरा घुटमळले. “फक्त तिला खडू द्या. आईची लिपस्टिक संपवली तिनं.”